सटवाईला केलेला अर्ज

बय,

तुझा पाटा अजून आहे. वरवंटाही आहे. त्यावर आता कुणी वाटत नाही. वाटायला मिक्सर आहे, आणि तो सुरू झाला की समोरच्या वहिनींना तिकडे बसल्या बसल्या कळतं की आज आमच्याकडे चटणी आहे. पण पाटा आम्ही टाकला नाही. मोरीशेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता आणि दर दिवाळीला तुझी सून म्हणायची, "हा धोंडा एक दिवस माझ्या पायावर पडणार." पडला नाही. गेल्या महिन्यात तिनेच तो खाली काढला, घासून धुतला, आणि मग जे झालं ते तुला सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगण्याची सोय नाही, कारण बाकी सगळ्या गल्लीला ते माहीत आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि मला येतं ते सातवीपर्यंतचं, त्यामुळे आपल्या दोघांचं फार काही अडणार नाही.

आपल्या पोरीला मुलगी झाली. तू गेलीस तेव्हा पोरगी पाच वर्षांची होती, तुझ्या लुगड्याचा पदर तोंडात घालून झोपायची. आता ती नाशिकला असते. नवरा बरा आहे. सासू नाही, ती लग्नाच्या आधीच गेली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, नवरा सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. म्हणून बाळंतपणाला ती इकडे जव्हारला आली आणि सव्वा महिना राहायचं ठरलं. ठरलं म्हणजे तुझ्या सुनेने ठरवलं. अळीव आणले, डिंक आणला, खोडाळ्याहून तिच्या भावाने नागलीचं पोतं पाठवलं. बाळ येण्याआधी महिनाभर आमच्या घरात एखाद्या दुकानासारखा वास येत होता. मला वाटलं, आता सगळं नीट होईल. बय, मला असं वाटलं की मीच घाबरतो. माझ्या आयुष्यात जेव्हा जेव्हा मला असं वाटलं तेव्हा तेव्हा काहीतरी झालेलं आहे.

तुझी फार आठवण येत होती, कारण बाळाला न्हाऊ घालायचं म्हटलं की अजूनही गल्लीत तुझं नाव निघतं. कुणाकडे बाळ झालं की तुला बोलावणं यायचं. मी लहान असताना दारात बसून बघायचो. तू पाय लांब करून बसलेली, पायांवर ते लालभडक पोर पालथं, आणि शेजारी तांब्याचा हंडा. पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घ्यायचीस. मग तेल, मग डाळीचं पीठ, मग नाक ओढायचीस, डोकं गोल करायचीस. पोर टाहो फोडायचं आणि तू त्याच्याशी भांडायचीस, "ओरड, ओरड, मामलेदार होणार आहेस तू." एक नारळ आणि एक खण, एवढ्यावर आपल्या गल्लीतल्या दोन पिढ्यांची नाकं तू सरळ केलीस. माझं डोकं तेवढं एका बाजूने चपटं राहिलं. एकदा मी विचारलं तर म्हणालीस, "तुझ्या वेळी मी शिकत होते."

आणि आपल्या पोरीची पाचवी आठवते का तुला? मी तेव्हा कचेरीत शिपाई म्हणून नवा होतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी तू पाटा मांडलास, हळदकुंकू, विळा, दिवा, आणि मला म्हणालीस, सटवाईला नशीब लिहायला एक कोरा कागद आणि पेन ठेव. मला वाटलं, माझ्या पोरीचं नशीब साध्या कागदावर कशाला? मी कचेरीतून एक जाड, गुळगुळीत कागद आणला, वर छापील नाव, बाजूला 'विषय' आणि 'संदर्भ'. मोठ्या अभिमानाने पाट्यावर ठेवला. तू वाचू शकत नव्हतीस, पण छापलेलं ओळखायचीस. कागद उचलून माझ्या अंगावर फेकलास. "सरकारी कागदावर माझ्या नातीचं नशीब? जन्मभर मंजुरीची वाट बघत बसेल पोर! कोरा म्हणजे कोरा आण. ज्याच्यावर कुणीच काही मागितलेलं नाही असा." मी तसाच अनवाणी वह्यांच्या दुकानात पळालो. दुकानदार म्हणाला, एक कागद सुटा मिळत नाही, वही घ्यावी लागेल. मी वही घेतली. ती वही पुढे वीस वर्षं आम्हाला वाणसामानाच्या याद्यांना पुरली.

तेव्हाही घरात तुझं आणि तुझ्या सुनेचं बोलणं बंद असायचं. तू चुलीपाशी, ती आतल्या खोलीत, आणि मध्ये मी. "तिला सांग, एवढं मीठ तिच्या माहेरी घालत असतील." मी आत जायचो आणि सांगायचो, "बय म्हणते आमटी चांगली झालीय, थोडं पाणी घाल." ती म्हणायची, "सांगा त्यांना, जीभ म्हातारी झाली की सगळंच खारट लागतं." मी बाहेर येऊन सांगायचो, "ती म्हणते, उद्यापासून तुम्हीच अंदाज द्या." बय, हे तुला आज पहिल्यांदा सांगतोय. तू जन्मभर ज्या सुनेवर मनातून थोडी खूश होतीस, ती सून अर्धी मी बनवलेली होती. आणि तिच्याकडची सासूही.

आता सांगतो ते ऐक. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी पोरगी घरी आली. येताना मोबाईलमध्ये एक वही घेऊन आली. बाळ किती वाजता प्यालं, किती वेळ, शी किती, शू किती, सगळं त्यात लिहायचं. तुझ्या सुनेला ते पाहून हसू आवरेना. मला मात्र ते पटलं. ती आवक-जावक नोंदवही होती, मी तीस वर्षं दुसरं काय बघितलं? पण मी बोललो की ते चुकीच्या बाजूने बोललेलं असतं. दुपारी पोरगी झोपली असताना तुझ्या सुनेने शेगडीत निखारे घातले, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या आणि शेगडी खाटेखाली सरकवली. खोलीत धूर झाला. पोरगी खोकत उठली. "आई! डॉक्टरांनी धूर नको म्हणून सांगितलंय! किती वेळा सांगू?" "तुझ्या डॉक्टरला कुणी शेकलं होतं ते विचार. तुला मी याच धुरात वाढवलं." "म्हणूनच मला दमा आहे!" दमा तिला नाही, सर्दी आहे, पण भांडणात कोण तपासून बघतो? टाके असलेली पोरगी उठली, चिमट्याने शेगडी धरली आणि बाहेर, भर गल्लीत, पायरीवर नेऊन ठेवली.

तेवढ्यानेच झालं. आत ओरडली असती तर चाललं असतं. पण शेगडी बाहेर. समोरच्या वहिनी लगेच गॅलरीत. "काय हो भावजी, आज शेगडीला हवा खायला बसवलंत का?" मी म्हणालो, "नाही, हो, म्हणजे…" तुझ्या सुनेने दार लावून घेतलं. त्या क्षणापासून दोघींचं बोलणं बंद, आणि मी पुन्हा नोकरीवर रुजू.

"तिला सांगा, पेज झाकून ठेवलीय, प्यायची तर पी." मी आत जाऊन सांगतो, आई म्हणते, गरम आहे तोवर घे गं. "आईला सांगा, मला भूक नाही." मी बाहेर येऊन सांगतो, ती म्हणते, पाच मिनिटांत घेते. पण बय, तुझ्या वेळी मधे मातीची जाड भिंत होती. आता त्या जागी प्लायवूड आहे. आतून पोरगी ओरडते, "बाबा, मी असं म्हटलं नाही!" बाहेरून तुझी सून म्हणते, "तुमचं तोंड तुम्हीच सांभाळा, आम्ही आमची सांभाळतो." हातातली कला गेली. आणि चौथ्या दिवशी पोरगी मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, उद्या पाचवी होऊ दे. परवा मी यांना गाडी घेऊन बोलावते. मी जाते नाशिकला."

सहा दिवसांचं बाळ. ओले टाके. मोखाड्याच्या पुढची ती वळणं आपल्याला एरवीसुद्धा बसमध्ये सहन होत नाहीत. आणि तिकडे कोण? दिवसभर तिसऱ्या मजल्यावर ती आणि बाळ, आणि भांडायलासुद्धा कुणी नाही. मी हे तुझ्या सुनेला जाऊन सांगितलं, या वेळी जसंच्या तसं. ती म्हणाली, "जाऊ दे म्हणावं. अडवलंय कुणी?" आणि मग तिने एकच पातेलं तीन वेळा घासलं. जावयाला मी फोन केला. तो म्हणाला, "बाबा, मी काय बोलू?" मी म्हणालो, "मी तरी काय बोलू?" मग दोघांनी एकमेकांना जेवण झालं का विचारलं आणि फोन ठेवला. चांगला माणूस आहे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाटा मांडला. तुझी सून सगळं तुझ्यासारखंच मांडते, विळ्याचं तोंडसुद्धा तू करायचीस त्याच बाजूला. कोरा कागद, पेन. मग ती हळदकुंकवाचं सांगायला चार घरं फिरून येते म्हणाली, पोरगी आत बाळाला पाजत होती, आणि मला काम दिलं, दिव्याकडे बघत बसा, विझू देऊ नका. मी बसलो. दिवा चांगला होता. मग माझं लक्ष पेनकडे गेलं. बय, मी जन्मभर साहेबांच्या टेबलावर पेन ठेवलं ते आधी चालवून बघितल्याशिवाय कधी ठेवलं नाही. साहेबाने सही करायला घेतलं आणि चाललं नाही तर बोलणी शिपायाला. मला वाटलं, सटवाई येणार, जव्हार-मोखाड्यात त्या दिवशी काही हे एकच बाळ नसेल, ती घाईत असेल, आणि पेन चाललं नाही तर? मी तळहातावर ओढून बघितलं. खरंच चाललं नाही. वाळलेलं होतं. मी खिशातलं माझं काढलं आणि चालतंय का बघायला कागदाच्या कोपऱ्यात टेकवलं. तीस वर्षं कचेरीच्या दारात बसून जामसरच्या, दाभोशाच्या, कुठल्या कुठल्या लोकांना मी अर्ज लिहून दिले. माझा हात एकाच अक्षराने सुरू होतो. हाताने लिहिलं, 'मा.'

कागद बिघडला. घरात दुसरा कोरा नव्हता, वही कधीच संपली होती. मी त्या 'मा.'कडे बघत बसलो. आत बाळ रडत होतं, पोरगी त्याला काहीतरी समजावत होती आणि स्वतःच नाक ओढत होती. मग मी पुढे लिहिलं, 'सटवाई यांचे सेवेशी.' आणि एकदा तेवढं लिहिल्यावर अर्ज थांबवता येत नाही.

सकाळी पाट्यावरचा कागद उचलून बाळाच्या उशाखाली ठेवायचा असतो. समोरच्या वहिनी त्यासाठी खास आल्या होत्या. मी कागद घडी घालून, लिहिलेली बाजू आत करून, हळदकुंकवाच्या वाटीखाली ठेवला होता. देवीला घडी उघडता येईल, माणसाला उघडावीशी वाटणार नाही, असा माझा हिशोब. वहिनींनी घडी उघडली. "अगं बाई!" त्या मटकन खाली बसल्या. "लिहिलंय! निळ्या शाईने लिहिलंय!" तुझ्या सुनेने हात जोडले आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पाच मिनिटांत दारात सात बायका. वहिनींचा चष्मा घरी, तुझ्या सुनेला जवळचं दिसत नाही, म्हणून कागद खाटेवरच्या पोरीच्या हातात गेला. मी मोरीपाशी उभा होतो. मोरीला मागून दार नाही, हे मला त्या दिवशी फार जाणवलं.

"मा. सटवाई यांचे सेवेशी," पोरीने वाचलं.

"म्हणजे? सटवाईने स्वतःलाच लिहिलं?" वहिनी म्हणाल्या.

"विषय, बाळंतीण सव्वा महिना माहेरी राहणेबाबत."

तुझ्या सुनेने हात जोडलेले सोडले आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं ती 'विषय' या शब्दाचा पगार खात आली आहे, तिला कळायला वेळ लागला नाही. "वाच," ती म्हणाली. "पुढे वाच."

पोरगी वाचत गेली. "महोदया, विनंती अर्ज करतो की, माझी मुलगी व तिची आई यांचे पटत नाही. चूक कुणाची हे ठरविण्याचा अधिकार मला नाही. मुलगी तापट आहे, ती आईवर गेली आहे. आई तापट आहे, ती कुणावर गेली ते माहीत नाही, तिचे वडील शांत होते. दोघी रडतात पण वेगवेगळ्या खोलीत, त्यामुळे मला दोन्हीकडे जावे लागते. आईने शेगडी तिच्या अंगाला ऊब मिळावी म्हणून ठेवली होती. मुलीने ती बाळाच्या छातीसाठी बाहेर काढली. दोघींनी एकाच कारणासाठी केले, असे माझे मत आहे, परंतु माझे मत घरात घेत नाहीत. तरी बाळाच्या नशिबात आपण काय लिहायचे ते लिहावे, फक्त पहिला सव्वा महिना आजीजवळ लिहावा. सोबत नारळ एक, खण एक."

दारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पोरगी वाचता वाचता थांबली. खाली अजून एक ओळ होती, मला माहीत होतं. ती तिने वाचली नाही. तिने कागद घडी करून आपल्या कुशीजवळ ठेवला.

मग तुझ्या सुनेच्या लक्षात आलं. "अहो! कोरा कागद ठेवायचा असतो! तुम्ही भरून ठेवलात! ती बिचारी आली असेल, बघितलं असेल जागाच नाही, आणि गेली असेल परत!" पोरगी ताठ बसली. "म्हणजे, आई, बाळाचं काहीच लिहिलं गेलं नाही?" "कसं लिहिणार? याच्यात बोट ठेवायला जागा आहे का बघ!" "मी हे मानत नाही," पोरगी म्हणाली, "पण बाबा, तुम्ही असं कसं केलंत? समास तरी सोडायचा!" "समास?" तुझी सून म्हणाली. "यांनी आयुष्यात कधी कशाला जागा सोडलीय का? लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाखालून विचारत होते, जेवणं पुरतील ना." पोरगी हसली. "मला दवाखान्यात कळा येत होत्या आणि हे विचारत होते, चप्पल कुठे काढलीस." बय, अडीच दिवसांनी त्या दोघी एकमेकींशी बोलत होत्या. माझ्यावर बोलत होत्या. मी मोरीपाशी उभा राहून ऐकत होतो. एकीने शब्द टाकायचा, दुसरीने उचलायचा, मला निरोप घेऊन जायची गरजच नव्हती.

निवाडा वहिनींनी दिला. बाराव्या दिवशी पाटा पुन्हा पूजायचा, नवा कागद, आणि भावजींना त्या संध्याकाळी घरात ठेवायचं नाही. पोरीने नवऱ्याला फोन लावला. "आज निघू नकोस. बाराव्यापर्यंत निघता येणार नाही. बाबांनी घोळ घातलाय." बाराव्या दिवशी तुझ्या सुनेने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि मला शिरपामाळाकडे फिरायला पाठवलं. तिथे आलेल्या मुंबईच्या लोकांनी मला त्यांचे फोटो काढायला लावले, सगळे हलले. सकाळी कागद कोरा होता. दोघींनी तो उजेडात धरून बघितला, आणि कोरा आहे म्हणून दोघींना केवढा आनंद झाला. त्यानंतर जाण्याचा विषय कुणी काढला नाही. शेगडी गेली. तुझी सून आता ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकते, धूर नाही. न्हाऊ घालताना पोरगी पाण्यात काचेचं यंत्र बुडवते आणि तुझी सून कोपर बुडवते, आणि दोघी एकदमच म्हणतात, "झालं." शी झाली की तुझी सून स्वयंपाकघरातून ओरडते, "लिही गं!"

उद्या सव्वा महिना पुरा होतो. सकाळी गाडी येईल. आज मी बाळाच्या लसींची फाईल पिशवीत भरत होतो, तर त्यात माझा अर्ज सापडला. वाचू नये असं वाटलं, पण माझाच तर होता. शेवटची ओळ मी लिहिली होती ती अशी : 'तसेच जागा उरल्यास, बाळाला माझा काळजीचा स्वभाव देऊ नये.' त्याच्या समोर, मी न सोडलेल्या समासात, अगदी कडेला बारीक अक्षरांत, जिथे साहेब शेरा मारतात त्या जागी, पोरीने पेन्सिलने लिहिलंय, 'नामंजूर'. खाली तिची सही.

मी तेव्हापासून विचार करतोय. ती प्रेमाने म्हणाली असेल, की बाळाकडे बघून तिला काही दिसलंय? बाळ झोपेतसुद्धा भुवया आवळतं, हे मीही बघितलं आहे. तू असतीस तर कपाळावर तेल चोळून त्या सरळ केल्या असत्यास. कुणाला विचारावं तर फाईल उघडली हे सांगावं लागेल.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, ते तुलाही कळतं. पाटा परत भिंतीला टेकवायचा आहे, त्याच्या मागे सारून ठेवतो, तिथे तुझी सून केर काढत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दोघी बोलत नव्हत्या ते अडीच दिवस, दिवसातून वीस वेळा मला हाक यायची, "अहो," "बाबा," "अहो." पाय दुखायचे. पण मला बरं वाटत होतं. उद्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि आमचं भांडण नाही. हे मी अर्जात लिहिलं नव्हतं.